कुर्रर्र पोचवणारा फोन

लश्कर, ग्वाल्हेर
रविवार, जेवणं आटोपून

ती. सौ. सुधाताईस,

शरयूचा नमस्कार. (अर्धवट नाही, पुरता वाकून. तू नेहमी म्हणतेस की मी नुसती मान हलवते, म्हणून मुद्दाम कळवलं.) इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? भाओजींची शुगर काय म्हणते ते मात्र त्यांना विचारू नकोस, रिपोर्टला विचार. कंपू भागातल्या लॅबमध्ये मी उभा जन्म लोकांचं रक्त काढते आहे. तपासणीच्या आधी आठवडाभर कारल्याचा रस पिऊन येणारे कितीतरी भाओजी मी रोज बघते. त्यांना सांग, मागच्या तीन महिन्यांचं सगळं सांगणारी एक तपासणी असते आणि तिला कारल्याने फसवता येत नाही.

आता तू म्हणशील, या काळात पत्र कुठलं लिहितेस, फोन कर की. अगं, फोन केला की तू स्पीकर लावून पोळ्या लाटायला घेतेस. मग माझं बोलणं भाओजी ऐकतात, भाओजींकडून त्यांच्या बहिणीकडे जातं आणि तिच्याकडून सगळ्या इंदूरला कळतं. प्रकरण नाजूक आहे. शिवाय ते फोनचंच आहे, आणि फोनची चुगली फोनवर करायला मला प्रशस्त वाटेना.

पुष्करला मुलगी झाली हे तुला माहीत आहेच. माझा एकुलता एक धाकटा भाऊ, लग्नाला इतकी वर्षं झालेली, देवाला विचारायचंसुद्धा मी हल्ली सोडून दिलं होतं, आणि एकदम कॅनडाहून ही बातमी! त्या दिवशी आनंदाच्या भरात मी एका पेशंटला दोन्ही हातांना सुई टोचली. (तो बिचारा भला माणूस. 'बधाई हो' म्हणाला आणि गेला.) मी आत्या झाले, सुधाताई! (मावसबहीण म्हणून तूही झालीस, पण सख्खी एकटी मीच.) केसांना मेंदी लावायला लागल्यावर का होईना, झाले! व्हिसाचं काही वेळेत जमलं नाही, तेव्हा बारसं फोनवरून करायचं ठरलं. बारशात बाकी काहीही होवो, घुगऱ्या कमी पडोत, पाळणा वाकडा बांधला जावो, पण बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं ते आत्यानेच. हा कायदा काही मी काढलेला नाही. आपले लोक दक्खन सोडून इथे आले त्याला पिढ्या लोटल्या, आपल्या मराठीत निम्मी हिंदी घुसली (हसू नकोस, तुझी इंदुरी मराठी मला माहीत आहे), पण आत्याचा मान कुणी काढून घेतलेला मी तरी ऐकला नाही. आणि माझ्यासारखीला असे मान मिळून मिळून किती मिळणार? सवाष्ण म्हणून कुणी बोलवत नाही, विहीणबाई म्हणून कुणी रुसून घेत नाही. हा एकच आहे, आणि तो माझा आहे.

तर मागच्या महिन्यात तालीम झाली. पुष्करने तिकडे कपाटापाशी स्टँडवर फोन लावला, म्हणजे पाळणा, आमची भावजय यशश्री, तिची आई, फुगे, सगळं एका चौकटीत यावं. मी इकडे चंदेरी नेसून बसले. (तालमीला चंदेरी कशाला, असं विचारू नकोस. पहिल्यांदाच आत्या झाले आहे.) हळूच, बेताने, कानात करावं तसं मी कुर्रर्र केलं. तिकडे काही नाही. पुन्हा केलं. पुष्कर म्हणतो, ताई, तुझे नुसते ओठ हलतायत. मग जीव खाऊन केलं, तर शेजारच्या मधुसूदनकाकांनी भिंतीवर थापा मारून विचारलं की मिक्सर बिघडला का. आणि तिकडे? तिकडे ढिम्म. तेवढ्यात यशश्रीची बहीण अवंतिका, जी त्यांच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहते (तिकडे गल्ल्या नसतात म्हणे, पण तू समजून घे), अगदी साखरेत घोळून म्हणाली, ताई, तुम्ही स्क्रीनवर छान दिसताय, तुम्ही अशाच बसून राहा, कानात मी सांगते ना. मावशी! मावशी सांगणार! माय मरो मावशी जगो म्हणतात ते मला ठाऊक आहे (यशश्रीला देव उदंड आयुष्य देवो), पण त्या म्हणीत आत्याला कुठे मरायला सांगितलंय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि आपले बंधुराज! लहानपणी माझी वेणी ओढून पळायचे, अजूनही वेळ आली की पळतातच. म्हणाले, ताई, दोष कुणाचाच नाही, तुझा फोन जुना झालाय, नवा घे, नाहीतर मग अवंतिका आहेच. 'आहेच'! मी फोन ठेवला आणि चंदेरीची घडीसुद्धा न करता लॅबला गेले.

ग्वाल्हेरात फोन घ्यायचा म्हटलं की आधी सल्ला घ्यावा लागत नाही, तो अंगावर येतो. लॅबच्या काउंटरवर बसणारी सोनिका म्हणाली, दीदी, कॅमेरावालाच घ्या, त्यात तुमची स्किन एकदम ग्लो करेल, सच्ची. मधुसूदनकाका पडले टेलिफोन खात्यातून निवृत्त. खांबावर चढणाऱ्यांना खालून सूचना देण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे तारेतून किंवा बिनतारेने जे काही जातं ते आपल्याला विचारून जातं असा त्यांचा समज आहे. त्यांचं मत, फोन म्हणजे बॅटरी, बाकी सगळी थेरं. त्यांनी दुसराच फोन धरून ठेवला. झालं! रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर दोघांची जुगलबंदी. ही म्हणते, याच्यात चंद्राचा फोटो येतो. मी म्हटलं, चंद्राला बारशाचं आमंत्रण नाही. ते म्हणतात, हा पाण्यात पडला तरी चालतो. मी म्हटलं, काका, मी विहिरीत उतरून नाव सांगणार नाहीये. आत किती फोटो मावतात, किती वेळात चार्ज होतो, मागच्या बाजूला किती डोळे आहेत, सगळं दोघांना तोंडपाठ. पण यातून कुजबुज पलीकडे जाते का, एवढं विचारलं की दोघंही माझ्याकडे अशी बघायची की जणू मी फोनला स्वयंपाक येतो का असं विचारलंय.

शेवटी मी ठरवलं, आपण लॅबवाले, नमुना घेतल्याशिवाय रिपोर्ट देत नाही. दोघांना घेऊन पडावला गेले, स्टेशनजवळच्या त्या काचेच्या मोठ्या दुकानात. सोनिकाच्या हातात एक फोन देऊन तिला काकांबरोबर बाहेर रस्त्यावर उभं केलं आणि मी आत कॅमेरावाला तोंडाशी धरला. आता अडचण अशी की खरं नाव उच्चारायचं नाही. बारशाआधी नाव फुटता कामा नये, पुष्कर-यशश्रीने ते फक्त मला सांगितलंय. मग समोर काचेतून जो माणूस दिसत होता त्याचंच नाव घेतलं. कुर्रर्र केलं आणि हळूच म्हटलं, मधुसूदन. आता हा फोन बघ किती दीडशहाणा! कुर्रर्र त्याने गिळलं आणि नाव तेवढं लख्ख पुढे पाठवलं. सोनिकाने स्पीकर लावलेला. म्हणजे पडावच्या भर रस्त्यात, टेम्पोवाले थांबलेले, हॉटेलवाले दारात उभे, आणि माझ्या आवाजात, कुजबुजत, नुसतंच 'मधुसूदन'! काका कानापर्यंत लाल झाले. घराशी आल्यावर म्हणाले, हे आमच्या घरात बोलू नकोस बरं का. (मी बोलले नाही. सोनिका बोलली.) मी दुकानातल्या मोहितला धारेवर धरलं, तर तो छाती फुगवून सांगतो, मॅडम, ये तो फीचर है, फालतू शोर अपने आप काट देता है. म्हणजे टेम्पोचा भोंगा, कुत्र्यांची भांडणं आणि आत्याचं कुर्रर्र, सगळं एका मापात! मी त्याला म्हटलं, बेटा, तुझ्या कानात तुझ्या बुआने काय फीचर लावलं होतं का? तो हसला, पण फोन काही सुधारला नाही.

मग काकांचा बॅटरीवाला. तो म्हणे टोपी बाजारातच घ्यायचा, कारण तिथे त्यांची ओळख. गेलो सकाळी सकाळी. दुकान नुकतंच उघडलेलं, शेठजींची बोहनी व्हायची होती, उदबत्ती लावून ते गल्ल्याला हात जोडत होते, आणि त्याच मुहूर्तावर मी त्यांच्या फोनमध्ये कुर्रर्र केलं. या फोनने आवाज गिळला नाही, पण धुऊन, पिळून, वाळत घालून पाठवला. पलीकडे पोचलं ते एवढंसं 'कूं', दाराबाहेर ठेवलेल्या पिल्लासारखं. मी पुन्हा केलं, आणखी खर्जात. शेठजींनी हळूच लिंबू-मिरची माझ्या बाजूला सरकवली आणि काकांना विचारलं, बहनजी की तबीयत ठीक है ना? ओळखीचा एवढाच उपयोग झाला की त्यांनी आम्हाला घालवून न देता चहा पाजून वाटेला लावलं. काकांनी मात्र घरी येताना वाकडी वाट करून पडावचा कॅमेरावाला फोन घेतला. हो, तोच, ज्याला ते महिनाभर थेर म्हणत होते! आता रोज गच्चीवर जाऊन चंद्राचे फोटो काढतात आणि मला पाठवतात. सोनिका माझ्याकडे बघून डोळे मिचकावते.

मी काहीच घेतलं नाही. आणि आता बस, पाणी पी, मग पुढचं वाच. परवा मी आपण होऊन अवंतिकाला फोन केला आणि म्हटलं, बाई गं, बारशाला कानात नाव तूच सांग. तू तिथे आहेस, बाळाला तुझा हात लागतो, मी इकडून आशीर्वाद देईन. तिला आधी वाटलं मी टोमणा मारतेय. मग तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. यशश्रीची आई रडली. पुष्कर म्हणाला, ताई, तू किती मोठ्या मनाची आहेस, आम्हाला कळलंच नव्हतं. मी म्हटलं, अरे, मान काय, आज आहे उद्या नाही, बाळ सुखात असलं म्हणजे झालं. सगळ्या नातेवाइकांत तेव्हापासून माझ्या समजूतदारपणाचं कौतुक चाललंय, तुझ्याही कानावर येईल. आल्यावर नवल करू नकोस. मी खरोखर मजेत आहे, भूक लागते, झोप लागते, कुंड्यांतली शेवंती फुलली आहे.

भाओजींना नमस्कार सांग आणि कारलं बंद करायला सांग.

तुझी,
शरयू

ता. क. : तू आता कपाळाला हात लावून बसली असशील. तुला मी फसवू शकत नाही, म्हणून सांगते, पण हे वाचून झाल्यावर पत्राचे तुकडे कर. गेल्या मंगळवारी संध्याकाळी पुष्करचा साधा फोन आला, चित्राबित्राचा नाही. माझ्या त्याच जुन्या फोनवर. तिकडे सकाळ होती, यशश्री अंघोळीला गेलेली आणि छोकरी टाहो फोडत होती. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, ताई, काहीतरी बोल गं हिच्याशी, आणि त्याने फोन थेट तिच्या कानाला लावला. महिनाभर बाजारात करून करून माझ्या जिभेला वळण पडलेलं. मी कुर्रर्र केलं. आणि कुर्रर्रच्या मागोमाग नाव आपसूक येऊन गेलं. खरं नाव. सगळं. एकदम रडं थांबलं, सुधाताई! तिचा श्वास मला ऐकू येत होता. पुष्करने विचारलं, गप्प झाली की, काय म्हणालीस? मी म्हटलं, काही नाही, घसा खाकरला. जुन्या फोनला बिचाऱ्याला अक्कलच नाही, आत गेलं ते तसंच बाहेर सोडतो. तालमीच्या वेळी चित्राच्या कॉलने कुर्रर्र गाळलं असेल, आणि पुष्करचा फोन तर पलीकडे कपाटापाशी उभा होता. तिथून पाळण्यातल्या कानात काय कप्पाळ पोचणार? तेव्हा अवंतिकाने बारशाला खुशाल सांगावं. झालेलं नाव ती पुन्हा सांगेल, बिघडत काही नाही. (नाव तुलाही सांगणार नाही. विचारू नकोस.)

ता. क. दुसरा : आता कामाचं. तुला यायचं आहे. नाव सांगून झालं, पुष्करने फोन ठेवला, तरी मी किती तरी वेळ तशीच वाकून बसले होते. मग लक्षात आलं, मी पाठीत धपाटे पडायची वाट बघतेय. आपल्याकडे आत्याने नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत दणादण घालतात ना? माझ्या घरात घालायला कोण आहे? बाहेर कुणाला सांगावं तर कारण सांगावं लागेल. आणि त्याशिवाय मला आत्या झाल्यासारखं वाटेना गं. घरी गुडघ्याच्या एक्स-रेचं निमित्त सांग आणि मिळेल त्या गाडीने ये. चहापाणी, विचारपूस सगळं मागाहून. आत शिरल्याबरोबर, चप्पल काढायच्याही आधी, घाल. आणि लागेल म्हणून हात आखडू नकोस.