तांब्याच्या पाटीवरची इस्त्री

आबा, मला तुमच्या पणतीचा हेवा वाटतो. सत्तरीला टेकलेल्या आजीने नातीचा हेवा करावा हे काही बरं दिसत नाही, म्हणून घरात कोणाला बोलले नाही, तुम्हाला सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्ही रागावलात तरी मला ऐकू येणार नाही. माझं अक्षर अजून तसंच आहे, चौथीतलं, ओळ खाली घसरते. सावकाश वाचा.

पणती म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. आम्ही सगळे अजून फरीदाबादलाच आहोत, फक्त आता सातव्या मजल्यावर. पोरगी इंजिनिअरिंगला आहे. दिवसभर फोनवर यार-यार चालतं, मराठी बोलते पण उलथनं म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघते. पण गुणी आहे हो, कौतुक करावं तेवढं थोडं. तुमच्या रेडिओच्या पोटात असायची ना, तांब्याच्या रेघांची पाटी, तसली पाटी ती घरी बनवते, जेवणाच्या टेबलावर. आणि रेघा हाताने काढत नाही. छापते. तिच्या बापाचा ऑफिसचे कागद छापायचा प्रिंटर घरात आहे, त्याच्यावर.

कसं ते ऐका, तुम्हाला आवडेल. कॉम्प्युटरवर रेघांचा नकाशा काढायचा आणि गुळगुळीत कागदावर छापायचा. गुळगुळीत कागद कुठला, तर इकडे मेट्रोतून उतरलं की बिल्डरची माणसं नवीन फ्लॅटची रंगीत पुस्तकं हातात कोंबतात, त्यातली पानं. परवा तिने पोहण्याच्या तलावावर आणि तलावाशी पडलेल्या बाईवर रेघा छापल्या. मग तो कागद पाटीवर पालथा ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. काळी शाई वितळून तांब्याला धरते. कागद भिजवून बोटाने चोळून काढला, भिजल्या बदामाचं साल काढतो तसा, की रेघा पाटीवर. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तेच तपकिरी पाणी, रेघ नसेल तिथलं तांबं खाऊन टाकणारं. त्याचे डाग अजून निघत नाहीत. सून बेसिनकडे बघून पुटपुटते, आई पुटपुटायची तशीच.

त्या पाण्याचा वास आला की मी पुन्हा तुमच्या दुकानामागच्या खोलीत असते. फौजेतून तुम्ही पेन्शनीत निघालात आणि रेडिओचं दुकान टाकलंत त्यानंतरचे दिवस. आई पलीकडे भाकऱ्या थापते आहे. तुम्ही बारीक ब्रशाने तांब्यावर काळा रंग ओढताय आणि मी पुठ्ठ्याने वारा घालते आहे, रंग सुकावा म्हणून. मला दुसरं काम नव्हतं, शाळा सुटली होती. एक दिवस तुमचे डोळे चुरचुरत होते. तुम्ही ब्रश माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "ह्या दोन रेघा ओढ. श्वास धरून." मी ओढल्या. सरळ आल्या, आबा. तुम्ही "हं" म्हणालात. तुमचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या बापाची पाठीवर थाप, हे मला माहीत होतं. म्हणून मला चेव आला, मी आणखी ओढायला वाकले आणि माझी वेणी ओल्या रंगावरून फिरली. सगळ्या रेघा एकमेकींत.

तुम्ही ओरडला नाहीत. पाटीकडे बघितलंत आणि म्हणालात, "अशी पाटी पुन्हा मिळत नाही. ऊठ. आईकडे जा."

मी उठले ती उठलेच. पुढच्या आठवड्यात तुमच्या शेजारच्या त्या स्टुलावर माझा धाकटा भाऊ बसला. त्याने किती पाट्या वाया घालवल्या ते मला विचारा, केर मी काढायचे. एकदा मी तुम्हाला म्हटलंसुद्धा, आबा, ह्याने आज पुन्हा बिघडवली. तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शिकतोय तो."

जाऊ दे. माझ्या लग्नात तुम्ही इस्त्री दिलीत. स्वतः प्लग बसवलात, स्वतः तापवून बघितलीत. सासरी सगळे म्हणाले, काय वजनदार वस्तू दिली बापाने. तिची वायर बदलली, आतली पट्टी दोनदा बदलली, पण इस्त्री तीच आहे. ह्यांचे शर्ट, मुलाचे गणवेश, माझ्या खळीच्या साड्या, सगळं तिने केलं. आता बिल्डिंगखाली इस्त्रीवाला बसतो म्हणून ती माझ्या कपाटात झोपली होती. नात आली आणि विचारू लागली, "आजी, तुझी ती जुनी प्रेस कुठाय?"

"तुझ्या आईची नवीन आहे की."

"तिला खाली वाफेची भोकं आहेत ना. भोकाखाली रेघ चिकटतच नाही. तुझी एकदम सपाट आहे."

मी म्हटलं, "देते. पण चालवणार मी."

ती म्हणाली, "चलो, डन." एवढंच. मला वाटलं होतं, ती काहीतरी कारण काढेल. मी पदराला हात पुसून बसले, काय सांगू, जशी परीक्षेलाच.

तिने कागद पाटीवर ठेवण्याआधी मला दाखवला. कोपऱ्यात काहीतरी लिहिलं होतं, मला ते वाचताच येईना. मला वाटलं, होतं नव्हतं तेवढं वाचणंही गेलं. ती हसायला लागली. "अगं उलटं छापलंय. पाटीवर गेलं की सुलटं होईल. 'आजी' लिहिलंय, तुझ्यासाठीच बनवतेय ना." इथे नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो आणि मी दर थोड्या वेळाने उठून नळ सोडून बघते. तर ती असं यंत्र करत होती की पाणी आलं की ते वाजेल आणि मी पडून राहीन.

मी इस्त्री तापवली. कागद पाटीवर पालथा. आणि माझा डावा हात आपला आपण शेजारच्या पाण्याच्या वाटीत गेला आणि कागदावर पाणी शिंपडून मोकळा झाला, खळीच्या साडीवर शिंपडावं तसं. इस्त्री टेकवली तसा कागद पापडासारखा वर आला. शाई कुठच्या कुठे.

मी हात मागे घेतला आणि उठायलाच लागले. खरंच, खुर्ची मागे सरकवली होती मी.

"बस ना, कुठे चाललीस?" ती म्हणाली. तिने आईची नेलपॉलिश काढायची बाटली उघडली, बोळ्याने पाटी पुसली. पाटी नवी कोरी, लालबुंद. मग कॉम्प्युटरवर एक बोट दाबलं आणि दुसरा कागद बाहेर. "घे. पाणी नको हं ह्या वेळी."

आबा, मी त्या बोळ्याकडे बघत राहिले. तुमचाही रंग ओलाच होता. टर्पेंटाईनची बाटली तुमच्या कोपराशी होती, तुम्ही रोज त्यात ब्रश धुवायचात. एक बोळा फिरवला असता तर तुमचीही पाटी अशीच कोरी झाली असती. पाटी पुन्हा मिळत नव्हती असं काही नव्हतं. हे मला कळायला एवढी वर्षं लागली आणि कळलं ते नातीच्या हातातल्या बोळ्याने.

दुसराही बिघडला. मी इस्त्री फार वेळ धरून ठेवली, शाई पातळ होऊन पसरली. नातीने कागद सोलून पाटी उजेडात धरली. "आजी, किती दाबलंस गं. बघ, दोघी रेघा गळ्यात गळा घालून बसल्या."

सोफ्यावरून माझा मुलगा म्हणाला, "अगं तूच कर ना पटकन. आजीला कशाला त्रास?"

"पप्पा, तुम्ही मॅच बघा. आजी करतेय."

पुन्हा बोळा, पुन्हा कागद. ह्या वेळी एका बंगल्याच्या गच्चीवर रेघा होत्या. मी श्वास धरला. नात माझ्या शेजारी ओठ चावून उभी होती, पण तिने हात पुढे केला नाही. कागद सोलला आणि काळ्या रेघा तांब्यावर अशा बसल्या होत्या जशा काही तिथेच उगवल्या. माझं नाव सुलटं आलं. नातीने मला मिठी मारली, तिच्या हाताला लागलेली शाई माझ्या पदराला लागली. यंत्र आता नळाशी टांगलेलं आहे. पाणी आलं की असं केकाटतं की खालच्या मजल्यावरची सरदारीण विचारायला आली, काय झालं म्हणून. मी तिला सांगितलं, मैंने बनाया है, मेरी पोती ने और मैंने. किती आनंद झाला म्हणून सांगू.

पण हेवा काही गेला नाही. प्रिंटरचा नाही, कॉलेजचाही नाही. ती पोरगी बिघडलेल्या पाटीकडे बघते आणि तिचा चेहरा जराही बदलत नाही, त्याचा. असा चेहरा घेऊन मला एक दिवस तरी तुमच्या स्टुलावर बसायचं होतं.

पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून राहिलेलंही लिहून टाकते. पहिल्या कागदावर पाणी गेलं ते सवयीने. दुसऱ्यावर मी इस्त्री मुद्दाम दाबून धरली. मला बघायचं होतं, ती माझ्या हातातून काढून घेते का.