तंबाखूच्या डबीतली हातोडी

मी, लेलँड प्रुइट, वय ८३, धंदा बंदुका दुरुस्तीचा, राहणार टँबर्ली, ओक्लाहोमा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. झोप नाही, पण कायदा झोपेबद्दल विचारत नाही.

१. राहतं घर, ट्रक व बँकेतली शिल्लक पुतणी मार्लिन हिला. स्वयंपाकघराला तिने हिरवा रंग देऊ नये. देणारच असेल, तर निदान मला दिसणार नाही.

२. लेथ, कानशी व घासायचे दगड गावच्या शाळेला. शेजारी व्हर्जिल टकर याला एक स्क्रूही देऊ नये. माझा लोखंडी शिकंजा तो सात वर्षं 'उद्या आणून देतो' म्हणतोय.

३. भिंतीवर नळी वर करून टांगलेली जुनी पंप शॉटगन. ही माझा मित्र डेल्बर्ट हॉइट याची. आम्ही काउबॉय नेमबाजीच्या स्पर्धांना जायचो. तिथे कपडे, बंदुका सगळं जुन्या काळचं, आणि प्रत्येकाने स्वतःला एक नाव घेतलेलं. डेल्बर्ट 'डीकन'. त्याची बायको वाँडा 'मिस पीच', तिच्या हातच्या 'पीच पाय' या गोड पदार्थामुळे. नेमबाजाशेजारी वेळ मोजायला तीच उभी राहायची.

काडतूस चढवायला या बंदुकीची पुढची पकड मागेपुढे करावी लागते, ती अडखळायची. डेल्बर्टने ती माझ्या टेबलावर आदळली. "लेलँड, लोण्यासारखी करून दे बाबा. चारचौघांत नाक कापलं जातंय माझं."

मी आतल्या पट्ट्या घासल्या, धारा मोडल्या, तेल दिलं. आमच्यात परीक्षा एकच: नळी आभाळाकडे धरून बटण दाबायचं, पकड आपल्या वजनाने खाली यायला हवी. आली. तिथेच थांबायचं होतं. पण चापही हलका करावा म्हणून मी आतल्या हातोडीच्या, म्हणजे आपटून बार उडवणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्याच्या, खाचेवर दगड फिरवला. चाप दाबेपर्यंत हातोडीला अडवून धरते ती हीच खाच; तिला हात लावायचा नाही, हे मी जन्मभर गिऱ्हाइकांना बजावत आलो होतो.

१४ मे १९९४, शनिवार, सकाळचे अकरा. डेल्बर्टने काडतूस घातलं. वाऱ्याने वाँडाची टोपी उडाली, ती धरायला ती एक पाऊल पुढे, नळीसमोर गेली. त्याच क्षणी डेल्बर्टने पकड पुढे ढकलली आणि बंदूक आपोआप उडाली. वाँडा जागीच गेली.

"माझं बोट चापाबाहेर होतं! लेलँड, सांग ना रे यांना!" तो ओरडत होता.

शेरिफने बंदूक तपासायला दिली ती मलाच. खाच गुळगुळीत झाली होती. मी हातोडी बदलली आणि लिहून दिलं, बंदुकीत दोष नाही. डेल्बर्टच्या मुलीने त्याच्याशी बोलणं टाकलं, ते आजतागायत. वर्षभराने तो मला म्हणाला, "बोट आतच असेल रे माझं. तू कशाला खोटं बोलशील?" मी त्याला कॉफी ओतून दिली.

बंदूक त्याने परत नेली नाही. दर शनिवारी अकराला वर्कशॉपमध्ये पकड सरकल्याचा आवाज येतो. जाऊन बघतो, तर खाली आलेली. मी ती वर करतो. पीचचा वासही येतो. "वाँडा, पुरे गं आता," असं मी मोठ्याने म्हटलेलं आहे. पुरे होत नाही. मला भीती वाटते.

सदर बंदुकीचे तीन तुकडे करून पुरावेत.

४. डेल्बर्ट हॉइट याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, आणि मला तो साक्षीदार हवा आहे. त्याने शब्दन् शब्द वाचावा. जुनी हातोडी तंबाखूच्या डबीत आहे, ती आजच त्याच्या हातात देतो. तो मला मारायला उठला तर कोणी मधे पडू नये. त्याने सही केली नाही तर हे मृत्युपत्र रद्द होईल. होऊ दे.

ठिकाण: टँबर्ली
दिनांक: १८ मे २०१९, शनिवार
लिहून ठेवणार: लेलँड प्रुइट

साक्षीदार:
१. आयरीन कोबल, वकिलांच्या कचेरीतील कारकून
२. डेल्बर्ट हॉइट

(साक्षीदार क्र. २ यांच्या हस्ताक्षरात) सगळं वाचलं. माझं बोट बाहेर होतं. सही तुझ्यासाठी नाही करत, लेलँड. हे कागदावर राहावं म्हणून करतोय. डबी मुलीला दाखवायला नेतो.