ड्रॅगनचा ख्रिस्ती भावार्थ

४ मार्च, रविवार
उपासनेनंतर नात माझ्याजवळ बसली नाही. मागच्या बाकाशी, चर्चचा ऑर्गन वाजवणारे गृहस्थ आहेत ना, त्या ऑर्गनवाल्यांशी ड्रॅगनवर बोलत उभी. पूर्वी हा तास माझा होता. मी शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो, ती ऐकायची. हल्ली ऑर्गनवाले चर्चच्या फलकावर पुस्तकांची परीक्षणं लावतात. परग्रह, जादूगार, यंत्रमानव, आणि त्यांत प्रभू कुठे दिसतो ते. तरुण संघ माना उंचावून वाचतो.
मला मत्सर वाटत नाही. ख्रिस्ती माणसाला तो शोभत नाही. फक्त ऑर्गन हल्ली फार मोठ्याने वाजतो.

५ मार्च, सकाळ
ठराव : मीही परीक्षक होणार. शाळेत कवितापाठांतरात दुसरा आलो होतो. पहिला आलेला पुढे कोण झाला? कोणीच नाही.
नातीला फोन. ड्रॅगनची तीन भागांची कादंबरी वाचतेय म्हणे, पहिला भाग अर्ध्यावर. अख्खा संघ तीच वाचतोय. ऑर्गनवाल्यांनी त्या कादंबरीवर अजून लिहिलेलं नाही. मैदान मोकळं!

६ मार्च
पुस्तक आणलं. पहिल्याच पानावर नकाशा. त्यातली नदी पाहून शाळेमागचा ओढा आठवला. दुपार त्यातच गेली. डोळे मिटून चिंतन केलं. ही म्हणते, घोरत होतात.

८ मार्च
आधी परीक्षणं वाचावीत, मग पुस्तक. हीच शास्त्रीय पद्धत. इंटरनेटवर ख्रिस्ती दृष्टीने लिहिलेली शोधली. ‘ड्रॅगन आणि प्रभू’ टाइप केलं, तर ड्रॅगन छापलेल्या उशा विकायला आल्या. ही म्हणाली, अहो, परीक्षण हवंय तर परीक्षण असं लिहा की. लिहिलं. ढीग आला.
एका बाईंनी तिन्ही भागांवर लिहिलंय. शेवटी ड्रॅगन गावासाठी जीव देतो आणि पहाटे परत येतो! डोळ्यांत पाणी आलं. तेही पुस्तक न वाचता. याला म्हणतात रसिकता.

१० मार्च, शनिवार
परीक्षण फलकावर लावलं. ऑर्गनवाल्यांच्या कागदापेक्षा जरासं वर. आमचे मास्तर सांगत, आधी भावार्थ, मग रसग्रहण. त्यामुळे पहिलंच वाक्य, ठळक अक्षरांत : शेवटी ड्रॅगन मरतो व परत येतो, आपल्या प्रभूसारखा.
उद्या नात माझ्या बाकावर.

११ मार्च, रविवार
उपासना संपताच तरुण संघ माझ्याकडे धावला. अभिनंदनासाठी, असं वाटून उठून उभा राहिलो. आजोबा, पार वाट लावलीत, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, आता तिसऱ्या भागाचं काय लोणचं घालू? नातीच्या डोळ्यांतही पाणी, पण रसिकतेचं नव्हे. शेवट कोण सांगतं हो, एवढंच बोलली आणि गेली.
ती गेल्यावर मला उत्तर सुचलं. समोर फक्त ऑर्गनवाले उरले होते, त्यांनाच ऐकवलं. शुभवर्तमानाचा शेवट सगळ्यांना पाठ आहे, तरी आपण ते वाचायचं सोडतो का? ते म्हणाले, पुन्हा म्हणा. पुन्हा म्हटलं. त्यांना ऐकू कमी येत असावं. एवढ्या मोठ्याने वाजवल्यावर दुसरं काय होणार!

१२ मार्च
फलकावरून माझा कागद काढला. ठराव : नातीची माफी मागायची नाही. आपण वडीलधारे.
दुपारी मागितली. बरं, म्हणाली. या ‘बरं’चा भावार्थ लागला नाही.

१८ मार्च, रविवार
नात आली! माझ्याजवळच बसली! हातात ऑर्गनवाल्यांचं नवं परीक्षण. ऐकाच आजोबा, म्हणाली. सुरुवातच अशी : आपल्यातले एक जाणकार म्हणतात, शुभवर्तमानाचा शेवट पाठ असला तरी आपण ते वाचायचं सोडत नाही.
या वाक्यामुळे तिने पुस्तक पुन्हा उघडलंय म्हणे. काय सुंदर विचार आहे, कोण असतील हो हे जाणकार?
मी म्हटलं, मीच.
ती इतकी हसली की पुढच्या बाकावरच्या बाई वळून बघू लागल्या. तुम्ही पण ना आजोबा! पाळकसाहेबच असणार, असं तिने ठरवून टाकलं आणि पुढे वाचू लागली. तासभर ती माझ्याजवळ होती. तासभर ऑर्गनवाल्यांचं ऐकलं.
दोनदा वाहवा म्हणावं लागलं.