पलीकडच्या खोलीतले काका

सोमवार, ३ फेब्रुवारी

कुणीही उठलं नाही! एकही माणूस!

पलीकडच्या खोलीत काकांनी स्टूल पाडलं, धपकन पडले, कण्हले, "कुणी आहे का?" असं ठरल्याप्रमाणे तीनदा ओरडले. आणि अलीकडच्या खोलीत प्रयोगासाठी बोलावलेले तिघं प्रश्नावली भरत राहिले. एकाने मान वर केली, शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी लिहितोय म्हटल्यावर हाही लिहायला लागला. मी काचेमागे. आम्हाला ते दिसतात, त्यांना फक्त आरसा दिसतो. हातातलं स्टॉपवॉच फेकून द्यावंसं वाटलं.

लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी हे कधीच दाखवून दिलंय. एकटा असला की माणूस बहुधा धावतो. चारचौघांत असला की प्रत्येकाला वाटतं, जाईल की दुसरा कुणीतरी! मी यावर परीक्षेत भरभरून उत्तर लिहिलं होतं. डोळ्यांनी बघणं वेगळं.

काकांच्या कामावर माझे मार्गदर्शक सर नाराज. "फार नाटकी होतंय. आवाज आवरा." काका एवढंसं तोंड करून बसले. काका नाटकातले नट; वर्षानुवर्षं त्यांना कुणी भूमिका दिलेली नाही, म्हणून मीच सरांच्या मागे लागून त्यांचं नाव लावलं. पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. रिक्षात त्यांच्याशी धड बोललेही नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काकांनी आज चकित केलं! ओरडणं नाही, काही नाही. मध्येच श्वास अडकल्यासारखा आवाज, मग बारीक कण्हणं, मग "कुणी आहे का" — तेही अर्धवट. काचेमागे माझ्या अंगावर काटा आला. सर म्हणाले, "आता जमलं!" मी तर टाळ्याच वाजवल्या — हळू, तळव्याला तळवा लागणार नाही अशा.

बाहेर आले तेव्हा घामाने चिंब. म्हटलं, "काका, काय हे! रंगभूषाकार आणला होता की काय?" म्हणाले, "ठके, भूमिकेत शिरावं लागतं." चहा नको म्हणाले. काका आणि चहा नको!

आजच्या नव्या तिघांपैकीही मदतीला कुणी उठलं नाही. एकाने तर उठून दार लावून घेतलं. दार! आवाज येऊ नये म्हणून!!

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या भिंतीवर फोटोंची रांग आहे. काकांनी विचारलं, "ही कोण मंडळी? तुझ्या सासरची?" म्हटलं, "तसंच समजा. रात्रंदिवस यांचंच करते."

मग एकेकाची ओळख करून दिली. हे लेविन — माणूस कसा वागेल ते एकट्या त्याच्या स्वभावावर ठरत नाही, भोवतालची परिस्थितीही बघावी लागते. हे ऍश — डोळ्यांसमोरची रेघ आखूड असली आणि बाकी सगळे लांब म्हणाले, तर आपणही बऱ्याचदा लांब म्हणतो. "हे तुझ्या काकूच्या माहेरी रोज चालतं," काका म्हणाले. हे फेस्टिंगर — वागणं आणि मन जुळलं नाही की माणूस वागणं सोडत नाही, मनाचीच समजूत घालतो. आणि हे मिलग्रॅम. भिंतीपलीकडे एक जण खोटं खोटं विव्हळायचा, आणि केवळ प्रयोग घेणारा सांगतोय म्हणून लोक विजेच्या झटक्यांची बटणं दाबत जायचे.

काका एकदम सावरून बसले. "म्हणजे यांच्याकडेही एक नट होता! त्याचं नाव काय?"

मला आठवलं नाही.

"बघ. फोटो साहेबाचाच लागतो."

हसले आणि डावा खांदा चोळत उठले. काम आज कालच्यापेक्षा सरस. उठलेले: शून्य.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज तिघांतल्या एका बाईकडे चौकशी केली. विचारलं, आवाज आला नाही का? "आला ना." मग? "बाकीचे शांत होते, मग म्हटलं विशेष काही नसेल." इतकी साधी बाई! घरी मुलं आहेत, पर्समध्ये त्यांचे फोटो आहेत. मला कळेना, रागावू की घाबरू.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काकांना सांगितलं, तुम्ही दिवसेंदिवस रंगत चाललाय. लहान मुलासारखे लाजले.

सोमवार, १० फेब्रुवारी

लिहिते, नाहीतर वेड लागेल.

आजच्या तिघांत एक भांडकुदळ बाई होती. आल्यापासून कटकट — खुर्ची डुगडुगते, पंखा अंगावर येतो, पेन चालत नाही. सर पुटपुटले, "ही तर मुळीच उठणार नाही."

स्टूल पडलं. कण्हणं सुरू झालं. आणि मग काका ओरडले — "ठके! अगं ठके!"

मला काय वाटलं? राग आला. खरं तेच लिहिते. राग आला! ठरलेलं वाक्य सोडून हे काय? सगळ्यांना एकच आवाज ऐकवायचा, म्हणजे तुलना करता येते, हे किती वेळा समजावलं होतं. मी कागदावर शेरा मारला — "संवाद बदलला". माझ्या काकांनी मला हाक मारली आणि मी शेरा मारला!

भांडकुदळ बाई खुर्ची मागे ढकलून उठली. उरलेले दोघे जागचे हलले नाहीत. ती बाहेर पडताच सर बोळात आडवे गेले. कुणी उठलं की त्यांनी थांबवायचं, समजवायचं, आभार मानायचे — तसं ठरलेलंच होतं. "थांबा, थांबा! घाबरू नका. हा प्रयोग होता. अभिनंदन, तुम्ही पहिल्याच!"

"कसलं अभिनंदन? तो माणूस विव्हळतोय."

"नट आहेत ते आमचे. फार उत्तम काम करतात."

मी सरांच्या मागे उभी. मीसुद्धा मान डोलावली! हसले देखील! वाटलं, केवढं यश हे काकांचं — सांगूनही हिला खरं वाटत नाही.

"पडदा पडला तरी कण्हतोय तो तुमचा नट? व्हा बाजूला!" तिने सरांना कोपराने ढकललं आणि दार उघडलं.

काका भिंतीला टेकून बसले होते. ओठ निळसर. शर्टाचं वरचं बटण तुटून हातात आलेलं.

रुग्णवाहिका तिनेच बोलावली. माझ्या हातात स्टॉपवॉच चालूच होतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अतिदक्षता विभाग. हृदयविकाराचा झटका. स्टेंट घातला. अजून धोका टळलेला नाही, म्हणतात.

डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास? हे एका दिवसाचं दिसत नाही. काकू म्हणाली, "छे हो, ठणठणीत होते. उलट या आठवड्यात किती खुशीत!" मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुझ्यामुळे ग. केवढ्या वर्षांनी आरशासमोर उभे राहायचे. रात्री मला कण्हून दाखवायचे, विचारायचे, खरं वाटतं का?"

तिला हाकेचं सांगितलेलं नाही. धीर झाला नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सरांचा फोन. आधी काकांची विचारपूस केली, तीही मनापासून. आवाज जड होता. मग म्हणाले, "सोमवारची बैठक वगळू या. ती... नियमात बसत नाही." मी "हो सर" म्हटलं! तोंडातून आपोआप गेलं.

दिवसभर मन वकिली करतंय. आवाज ऐकून कुणालाही नाटकच वाटलं असतं. काकांनी खूण ठरवायला हवी होती. सर मोठे, ते थांबले म्हणून मी थांबले. झालं, फेस्टिंगर, ऍश, मिलग्रॅम सगळे घरीच मुक्कामाला आले! आठवडाभर त्या बसून राहिलेल्यांना मी मनातल्या मनात दगड म्हणत होते. त्यांच्यापैकी कुणाला तो आवाज ओळखीचा नव्हता. मला होता.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भांडकुदळ बाई इस्पितळात आली होती! आल्या आल्या खिडकीच्या पडद्यावरून परिचारिकेशी वाजलं तिचं. जाताना तिला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाली, "कळलं कुठे काय? तो हाका मारत होता, मी गेले."

काका शुद्धीवर आहेत. बोलायची मनाई.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज काका बोलले. काकू औषधं आणायला गेली होती. मी रडतच सगळं सांगून टाकलं — हाक ऐकली, चिडले, शेरा मारला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुझा काय दोष? मी बोललोच नाही ना. बोललो असतो तर तुम्ही दुसरा नट आणला असता."

"काय बोलला नाहीत?"

"ठके, नाटक मी फक्त पहिल्या दिवशी केलं."