माझ्या चिप्सचा ढीग आणि व्याही

१ मार्च
क्लबच्या पोकर स्पर्धेत नाव दिलं. पैसे वगैरे नाहीत, फक्त कप. हा कप सध्या आमच्या व्याह्यांकडे टीव्हीशेजारी असतो. लेकीच्या सासरी जेवायला गेलं की त्याच्याकडे तोंड करूनच बसावं लागतं. काल व्याही सगळ्यांदेखत म्हणाले, तुम्हीही या की स्पर्धेला, टाळ्या वाजवायला माणसं लागतातच. जावई हसला. लेक हसली. मीही हसलो. पण आत कुठेतरी पेटलं.

२ मार्च
दुकानात बसून पोकरचं पुस्तक वाचलं. सगळी मेख एकाच गोष्टीत आहे. आपल्यापुढे चिप्स, म्हणजे पैजेवर लावायच्या चकत्या, किती, ते बघून खेळ बदलायचा. ढीग मोठा असेल तर दादागिरी. पैज चढवत न्यायची, बाकीच्यांना घाम फोडायचा. ढीग मध्यम असेल तर मोठ्या ढिगाच्या वाटेला जायचं नाही. आणि छोटा असेल तर घुटमळायचं नाही. बरी पानं आली की होतं नव्हतं ते लावून मोकळं व्हायचं.
एवढंच! व्याही निव्वळ नशिबावर जिंकतात, याबद्दल शंका उरली नाही.
एका आजोबांना वाचायचा म्हणून लांबचा चष्मा दिला गेला. त्यांनी दुकानात येऊन आरडाओरडा केला. मोठं काही करायला निघालं की एवढं चालायचंच.

५ मार्च
हिच्याबरोबर सराव. चिप्स म्हणून शर्टाची बटणं. मोठ्या ढिगाची सवय व्हावी म्हणून मी जास्त घेतली. सगळी हिच्याकडे गेली. पुस्तकाची चूक नाही. दादागिरी करायला समोरचा माणूस घाबरणारा लागतो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ही मला कशाला घाबरेल?

९ मार्च
आज छोट्या ढिगाचा सराव. पानं बरी आली. सगळी बटणं लावली, दोन तेवढी ठेवली. हिने विचारलं, ती दोन कशाला? म्हटलं, अडीअडचणीला असू द्यावीत. ही म्हणाली, मग शर्टालाच लावून देते.
हिला खेळातलं मर्म कळत नाही.

१४ मार्च, सकाळ
आज स्पर्धा. ही बघायला येणार. एक खुर्ची रिकामी राहिली म्हणून विहीणबाईंनाही बसवताहेत म्हणे. बिचाऱ्या.

१४ मार्च, दुपार (सुटीत, हॉलच्या पायऱ्यांवर)
पहिल्याच डावात तीन राजे! शेजारी बसलेल्या शाळेच्या हेडमास्तरांच्या साऱ्या चिप्स माझ्याकडे. ढीग मोठा, म्हणजे आता दादागिरी. पण खाली निळ्या, वर लाल अशा इतक्या सुबक रचल्या होत्या की मोडवेनात. म्हटलं, पानंही तशी तोलामोलाची येऊ देत. पोकरमध्ये एक जाच आहे. पाळी आली की पानं न बघता ठरावीक चिप्स लावाव्याच लागतात, आणि तो आकडा वाढत जातो. त्यामुळे मी काहीही न करता ढीग मध्यम झाला.
मध्यम ढिगाने मोठ्याच्या वाटेला जायचं नाही. आमच्या टेबलावर मोठा ढीग व्याह्यांचा. गेलोही नसतो. पण ते म्हणाले, काय, पानं पसंत पडत नाहीत वाटतं? आता हा प्रश्न डावाचा राहिला नाही, मानाचा झाला. माझ्याकडे दोन चौक्या होत्या. त्यांच्याकडे दोन राण्या.
ढीग छोटा झालाय. हरकत नाही. सराव त्याचाच झालाय.

१४ मार्च, संध्याकाळ
बाद झालो. तांत्रिक कारण.
निर्णायक डावाआधी डोकं शांत करायला चहाला गेलो. तिथे विहीणबाई. त्यांच्या टेबलाला सुटी होती. त्यांचाही ढीग संपत आलेला, चेहरा उतरलेला. मला राहवेना. मोठा ढीग, मध्यम ढीग, सगळं समजावलं. दुसरा चहा मागवला. छोट्या ढिगाने अजिबात घुटमळायचं नाही, हा मुद्दा रंगात आला होता. माझ्या टेबलाला सुटी नव्हती, हे मागाहून कळलं. पानं वाटणाऱ्याने नियमाप्रमाणे माझ्या उरल्यासुरल्या चिप्स पुढे सरकवल्या आणि मी जागेवर नाही म्हणून पानंही बाद केली.
निषेध म्हणून घरी आलो. ही थांबली.

ही आल्यावर
विहीणबाई जिंकल्या! व्याह्यांना हरवून! आधी होतं नव्हतं ते लावलं, ढीग वाढल्यावर दादागिरी केली. म्हणजे शब्दन् शब्द माझा! हिला विचारलं, भाषणात माझा उल्लेख झाला का? झाला म्हणाली, आणि घाईने स्वयंपाकघरात गेली.
गुरू बाद झाला तरी विद्या टिकते.

१५ मार्च
लेकीचा फोन. भाषण काय झालं ते तिने नीट सांगितलं.
विहीणबाई म्हणाल्या, व्याहीबुवा मला समजावत होते आणि त्यांच्या पाठीमागे काचेतून त्यांच्याच चिप्स जाताना दिसत होत्या. तेव्हाच ठरवलं, बोलत बसायचं नाही, लावून टाकायचं. हॉल हसून हसून लोळला म्हणे.
म्हटलं, मग त्याच वेळी मला सांगायचं नाही का?
लेक म्हणाली, आई दोनदा सांगणार होत्या, बाबा. पण सुनेचे वडील बोलत असताना मध्येच तोडणं त्यांना बरं वाटलं नाही.
घर चांगलं मिळालं लेकीला.