चार सऱ्या बटाटा आणि एक वाकळ

मी, झुंबरबाई सयाजी मगदूम, वय वर्षे ७१, राहणार कोडोली, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. डोळ्याचे ऑपरेशन झाल्यापासून नको तेवढे स्पष्टही दिसते. कोणाचा दाब नाही. वीट तेवढा आला आहे.

१. राहते घर, म्हैस आणि ओढ्याकडचा ऊस मुलगा विजयसिंह याला. एकुलता एक, करणार काय.

२. घरामागचे परसू, त्यातल्या बटाट्याच्या चार सऱ्या, बेण्याची पाटी आणि माझे खुरपे विजयसिंहला मिळणार नाही. तिथे शटरचा गाळा काढायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. बेणे मी माहेराहून आणले आणि बावीस वर्षे राखले.

कारण लिहिते. गेल्या महिन्यात ऑपरेशनला कोल्हापूरला जाताना बजावले होते, सऱ्या भांगलून तण काढ, बुडाला मातीची भर लाव, संध्याकाळी वर उसाचे पाचट पसर आणि सकाळी ऊन आले की काढ. परसू खोलगट आहे, थंडी तिथे साचते. हा म्हणाला, "संक्रांत झाली की आई, आता कसली थंडी?" आणि ऊस गेल्यावर फडातले पाचट पेटवले, त्यातच मी बटाट्यासाठी रचलेली गंजीही घातली. पाचट दिसले की ह्या पोरांचे हात काडीला शिवशिवतात. तिसऱ्या पहाटे दव गोठले.

सकाळच्या एस.टी.ने परतले तर तीन सऱ्या काळ्या, उकडलेल्या भाजीसारख्या लिबलिबीत. त्या वासाने दोन दिवस घास उतरला नाही. मधली हराळी मात्र ताठ उभी. हराळीला थंडी बाधत नाही आणि आमच्या विजयसिंहला लाज.

३. शेजारी पिराजी याने उपटलेली हराळी वर्षानुवर्षे कुंपणावरून माझ्या परसात टाकली. त्याला काहीही नाही. साक्षीदार मात्र त्यालाच केले आहे, म्हणजे हे वाचावे लागेल.

४. सून क्रांती, गडहिंग्लजची. मला आई न म्हणता तिकडच्या कानडी वळणाने अत्ती म्हणते म्हणून सहा वर्षे मी तिच्याशी धड बोलले नाही. त्या सकाळी चौथ्या सरीवर माझी पांघरायची नवी वाकळ चिखलाने भरलेली दिसली आणि मी गल्ली गोळा केली. अवदसा म्हणाले, तिचे माहेर काढले.

ती म्हणाली, "अत्ती, उचलून बघा की."

उचलली. खाली काठ्या रोवलेल्या, अख्खी सरी हिरवी, भर लावलेली, तणाची काडी नाही. तिचे तळहात सोललेले. म्हणाली, "वाकळ एकच हुती, म्हणून एकच सरी."

मुलाची किळस आली होतीच, त्या दिवशी माझी मला शिसारी आली. हे तिला तोंडाने सांगणे अजून जमले नाही, म्हणून कागदावर.

परसू, बेणे, खुरपे क्रांतीला. गाळ्यासाठी तिने सही देऊ नये. विजयसिंहने दर थंडीत पाचट स्वतः डोक्यावरून आणून तिच्यापुढे टाकावे.

५. ती वाकळ मी गेल्यावर माझ्यावर घालू नये. थंडीचे दिवस असले तर मला तशीच न्या. ती सरीवर लागेल.

सही : झुंबरबाई सयाजी मगदूम
साक्षीदार : १. पिराजी (कलम ३ वाचले)
२. बाळाबाई, अंगठा
कोडोली, २ फेब्रुवारी २००३