तीनशे पत्रिका आणि लाल माठ

बिबवेवाडी, बुधवार

ती. ऋतुजाताईस शालूचा नमस्कार,

काकांचा गुडघा आता कसा आहे? काकूंची शुगर? तुझ्या नव्या डिजिटल मशीनची तब्येत उत्तम आहे, हे पेपरातल्या फोटोवरून कळलंच. (तो फोटो मी कापून ठेवलाय. कात्रीने, नीट. फाडलेला नाही, आईने काहीही सांगितलं तरी.) 'हरित मुद्रक' पुरस्काराबद्दल मनापासून अभिनंदन. 'मनापासून' लिहिण्याआधी मी दहा मिनिटं थांबले होते, कारण खोटं लिहायचं नाही ही बाबांची शिकवण. शेवटी साधारण अर्धं मन तयार झालं, तेवढ्यावर लिहिलं आहे.

दिवाळीत मी कर्वेनगरला आले तेव्हा तू सगळा छापखाना दाखवलास. प्लेटा नाहीत, रॉकेलचा वास नाही, छपरावर सोलर, शाई सोयाबीनची. मी हळूच डब्याचा वास घेत होते ते तू पाहिलंस का? सोयाबीनचा वास आला नाही, तेव्हा मला फार बरं वाटलं. घरी येऊन वाचलं, की तो येतच नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता खरं घडलं ते सांगते. बाबा पंधरा दिवसांसाठी सांगलीला आत्याकडे गेलेत. जाताना म्हणाले, "शकीलभाईंच्या मुलीच्या, जिनतच्या लग्नाच्या पत्रिका तू एकटीने करून दाखव. नीट झालं तर छापखाना तुझ्या हाती. नाहीतर आपला बोर्ड उतरवू आणि ऋतुजाकडे सामील होऊ." (तुझ्याकडे! म्हणजे मी तुझ्या एसीत बसून तुला 'मॅडम' म्हणायचं.) जिनतने तुझ्याकडची बियांच्या कागदाची पत्रिका कुठेतरी पाहिली होती. लग्न झालं की कुंडीत पेरायची, कचरा शून्य. तिने विचारलं, "तुमच्याकडे होतं का असं?" मी म्हटलं, "होतं की." त्या क्षणापर्यंत होत नव्हतं.

कागद मागवला, लाल माठाच्या बियांचा. आमच्या जुन्या मशीनमध्ये घातला तर बिया भरडल्या जातात, म्हणून तीनशे पत्रिका हाताने, स्क्रीनच्या जाळीतून छापल्या. दोन दिवस खांदा वर जात नव्हता. पण इतक्या देखण्या झाल्या ताई, की तुला फोटो पाठवायचा मोह झाला. (पाठवला नाही. तू 'छान' एवढंच लिहिलं असतंस.) मग सगळे गठ्ठे कागदखोलीत गोणपाटावर रचले आणि दार लावलं. आता तुला आपल्या घरची रीत माहीत आहे. उन्हाळ्यात कागद वाकडा होऊ नये म्हणून त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. आजोबांनी बाबांना शिकवलं, बाबांनी मला, मी चौथीत असताना. बाबा रोज सांगलीहून फोन करत, "पाणी मारलंस का?" मी म्हणे, "मारलं, बाबा." पाच दिवस एकदाही चुकवलं नाही.

काल गठ्ठे उचलायला गेले. नवरदेवाच्या, शहाबाजच्या नावातून दोन लाल पानं डोकावत होती. जिनतच्या नावाचं तर रोपच झालं होतं. मी एकेक मोजली: दोनशे बासष्ट उगवल्या. (कागदवाल्याने दिलेला शब्द पाळला, एवढं कबूल करायला हवं.) तेवढ्यात शकीलभाई दारात. मी लपवाछपवी केली नाही, उघडून दाखवल्या. त्यांनी एक पत्रिका उचलली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "बेटा, ह्या वाटायच्या, की लसणाची फोडणी द्यायची?" मागून त्यांच्या पत्नी मदिनाबी म्हणाल्या, "हसू नका हो, पोरगी रडकुंडीला आलीय." मग दोघांनी मला पाणी पाजलं, आमच्याच माठातलं. जाताना मात्र शकीलभाई गंभीर झाले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पत्रिका हव्यात, नाहीतर ते दुसरीकडे जाणार. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. कर्वेनगर हा शब्द मला त्यांच्या तोंडून ऐकायचा नव्हता.

बाकी सर्व क्षेम. काकूंना नमस्कार.

तुझी,
शालू

ता. क. पत्र फक्त खुशालीसाठी लिहिलं होतं. पण लिहितेच आहे तर, तुझ्याकडे बियांचा कागद शिल्लक आहे का? आणि उद्या मशीन दोन तास मोकळं आहे का? (पत्र पोस्टाने नाही, हातोहात पाठवते आहे. उत्तर आणणाऱ्याकडेच दे.)

दुसरा ता. क. पत्रिकेच्या मागे छापखान्याचं नाव टाकू नकोस. आमचं टाकलं तर खोटं होईल, आणि तुझं टाकलं तर मी आजारी पडेन. बाबांना मी स्वतः सगळं खरं सांगणार आहे. पण आधी त्यांना पत्रिका पाहू देत.

तिसरा ता. क. शकीलभाई उद्या तुझ्याकडे चौकशीला आलेच, तर हात जोडते, त्यांचं काम घेऊ नकोस. हातात तीनशे पत्रिकांचं तातडीचं काम आहे, वेळ नाही, असं सांग. यात एक अक्षरही खोटं नाही, मी दोनदा तपासलं आहे. कुणाच्या लग्नाच्या, एवढं मात्र सांगू नकोस.